चिंचोक्यांची शाळा

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या सुरुवातीस एक आजी आपल्या नातीला घेऊन माझ्या दवाखान्यात आल्या. नात नुकतीच दुसरीत गेलेली. तक्रार एकच, पोट दुखते. बेंबीभोवती, सकाळी, शाळेला निघण्याच्या वेळी. मी पोट तपासले, जंताचे औषध लिहून दिले आणि बाहेरचे खाणे बंद करावयास सांगितले. पंधरा दिवसांनी दोघी पुन्हा आल्या. या वेळी लघवीची तपासणी करून घेतली. तीत काहीच दोष नव्हता. तिसऱ्या खेपेस मात्र मी लेखणी बाजूला ठेवली आणि जो प्रश्न पहिल्याच दिवशी विचारावयास हवा होता, तो विचारला.

“आजी, हिचे पोट रविवारी दुखते का हो?”

आजी क्षणभर थांबल्या. “नाही डॉक्टर. रविवारी नाही, सणासुदीला नाही. मे महिनाभर तर एकदाही दुखलं नाही.”

मुलीकडे वळून मी विचारले, “शाळेत कोणता तास आवडत नाही तुला?” ती बराच वेळ खाली पाहत राहिली. मग म्हणाली, “गणिताचा.” हळूहळू सारे बाहेर आले. वर्गात उभे करून आकडे म्हणावयास सांगितले होते, ती एकोणतीसच्या पुढे अडली होती आणि मुले हसली होती.

“मग तुम्ही घरी थोडे घेत जा ना तिच्याकडून,” मी आजींना म्हणालो. त्या ओशाळल्या. “मी काय शिकवणार डॉक्टर? तिची शाळा इंग्रजी, माझी चौथी मराठी. मी आपली डबा भरते आणि बसपर्यंत सोडते. हल्ली घरात माझा तेवढाच उपयोग.”

झोप लागत नाही, कशात मन रमत नाही, अशी या आजींची स्वतःची तक्रार मी वर्षभर ऐकत होतो. एकाच घरातील ही दोन दुखणी त्या दिवशी मला प्रथमच शेजारी बसलेली दिसली. आणि दोहोंवर उपयोगी पडेल अशी एक गोष्ट त्यांच्याच स्वयंपाकघरात, एका जुन्या डब्यात पडून होती: गेल्या उन्हाळ्यात चिंच फोडल्यावर उरलेले चिंचोके.

म्हणता येणे आणि मोजता येणे

घसा तपासण्याच्या लाकडी पट्ट्यांचा गठ्ठा मी मुलीपुढे ठेवला आणि तेरा पट्ट्या मागितल्या. शंभरपर्यंतचे आकडे तिला अडखळत का होईना, म्हणता येत होते. परंतु पट्ट्या मोजताना एका पट्टीवर बोट दोनदा पडे, एखादी सुटून जाई. तोंड पुढे धावत होते आणि हात मागे राहत होता. एकोणतीस मोठे की एकतीस, या प्रश्नावर तिने माझ्या चेहऱ्याकडे पाहून अंदाज केला. तिच्यापाशी आकड्यांचे गाणे होते, आकडे नव्हते.

मोजणे ही आपणा मोठ्यांना एक क्रिया वाटते. प्रत्यक्षात तीत अनेक कौशल्ये गुंफलेली असतात. रोशेल गेलमन आणि सी. आर. गॅलिस्टेल या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मोजण्याची पाच तत्त्वे मांडली. प्रत्येक वस्तूला एकच आकडा द्यावयाचा. आकड्यांचा क्रम बदलावयाचा नाही. शेवटी उच्चारलेला आकडा म्हणजे साऱ्या वस्तूंची संख्या. वस्तू कोणत्याही असोत, मोजण्याची रीत तीच. आणि मोजणी कोणत्याही टोकापासून सुरू केली तरी उत्तर तेच. ही पाचही तत्त्वे आपण इतक्या लहानपणी आत्मसात केलेली असतात की ती कधी शिकलो, याचे स्मरणही उरत नाही.

चार वर्षांच्या नातवापुढे सहा चिंचोक्यांच्या दोन सारख्या रांगा मांडून पाहा. मग त्याच्या देखतच एका रांगेतील चिंचोके दूर दूर सरकवा. “आता कुठल्या रांगेत जास्त?” असे विचारले, तर बहुतेकदा तो लांब रांगेकडे बोट दाखवील. स्विस मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे यांनी हा प्रयोग प्रसिद्ध केला. मुलाचे हे उत्तर मूर्खपणाचे नव्हे; त्या वयात डोळ्यांना दिसते तेच मनाला खरे वाटते. वस्तू पुनःपुन्हा हाताळून, सरकवून, मोजूनच संख्या त्याच्या मनात स्थिर होते. त्यास कोणी रागे भरून घाई करू शकत नाही.

एका डॉक्टरबाईंची देणगी

ही गोष्ट ज्यांनी फार पूर्वी ओळखली, त्या मारिया माँटेसरी मुळात वैद्यकाच्या पदवीधर होत्या, हे सांगताना एक डॉक्टर म्हणून मला संतोष वाटतो. १९०७ साली रोममधील एका गरीब वस्तीत त्यांनी पहिले बालगृह उघडले. त्यांच्या साधनांत एक सुटा मणी, दहा मण्यांची काडी, शंभर मण्यांचा चौरस आणि हजार मण्यांचा घन होता. हजार म्हणजे किती, हे मुलाला वाचून नव्हे, तर उचलून कळे. १९३९ साली त्या भारतात आल्या आणि महायुद्धामुळे त्यांचा मुक्काम येथे काही वर्षे लांबला.

आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आधी बोर्डीस आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी बालशिक्षणाचे काम उभे केले. विकत आणलेली महागडी साधने त्या मुलांच्या आवाक्यात नव्हती. म्हणून बिया, खडे, शिंपले, पाने हीच साधने झाली. तेव्हा चिंचोके मांडून बसणारी आजी ही जुन्या काळात रेंगाळलेली नसते. चांगल्या बालशिक्षणाच्या परंपरेतच ती बसलेली असते.

घरातले काही खेळ

त्या आजींना मी जे सुचवले आणि त्यांनी ज्यात स्वतःची भर घातली, ते खेळ येथे देतो. एका वेळी एकच खेळ, पंधरा-वीस मिनिटे, पुरेसा असतो.

*पाने मांडणे.* संध्याकाळी जेवणाची ताटे-वाट्या मांडण्याचे काम नातवंडाकडे द्यावे. “पाच वाट्या आण” असे न सांगता “आज जेवायला कोण कोण? प्रत्येकाला एक वाटी” असे सांगावे. माणसागणिक वाटी लावताना एकास एक ही जोडी हातात बसते. अचानक पाहुणा आला तर उत्तमच. बेरीज आपणहून दारात आली.

*दोन वाट्या.* एका वाटीतील चिंचोके एकेक करून दुसऱ्या वाटीत टाकावयाचे आणि प्रत्येकास आकडा द्यावयाचा. मोजलेला चिंचोका जागा बदलतो, त्यामुळे तो दोनदा मोजला जात नाही. शेवटी विचारावे, “मग किती झाले?” मूल पुन्हा पहिल्यापासून मोजू लागले, तर शेवटचा आकडा म्हणजेच एकूण संख्या, हे त्याला अजून उमगलेले नाही. रागावू नये. उद्या पुन्हा खेळावे.

*मुठीत किती?* दहा चिंचोके दोघांनी मिळून मोजावे. काही मुठीत झाकावे आणि उरलेले समोर ठेवावे. समोर सहा दिसतात, तर मुठीत किती? दहाच्या या जोड्या अंगवळणी पडल्या की पुढची निम्मी बेरीज-वजाबाकी सोपी होते. आळीपाळीने मूठ मुलाकडे द्यावी. आजोबांना कोड्यात टाकण्याचा आनंद त्यास वेगळाच होतो.

*दहाची जुडी.* खराट्याच्या काड्यांचे सारखे तुकडे करून दहा-दहांच्या जुड्या रबराने बांधाव्यात. तेवीस म्हणजे दोन जुड्या आणि तीन सुट्या काड्या. गणेशचतुर्थीस एकवीस दुर्वांची जुडी नातवंडाकडूनच बांधून घ्यावी: दहा, दहा आणि वर एक. एकवीस मोदक ताटात मांडतानाही हेच करता येते.

*मटारच्या शेंगा.* हिवाळ्यात मटार सोलताना शेंग उघडण्यापूर्वी अंदाज करावा: आत किती दाणे? मग उघडून मोजावे. अंदाज चुकला तरी कोणी हसत नाही, कारण आजीचाही चुकतो.

*ठिपक्यांची रांगोळी.* पाच ओळी, प्रत्येक ओळीत पाच ठिपके. आडवे मोजा, उभे मोजा, पंचवीसच. पाढा असा जमिनीवर उमटलेला दिसतो. गुडघे साथ देत नसतील, तर पाटीवर किंवा कागदावर काढावे.

*सापशिडी.* शंभर घरांचा हा पट म्हणजे संख्यांची वाटच. बहुतेक मुले ज्या घरात सोंगटी उभी आहे, त्याच घराला ‘एक’ म्हणतात. “एक पाऊल टाकले की एक” असे म्हणत सोंगटी पुढे सरकवावी. चार खेळांत ही चूक आपोआप जाते.

*बोटांची पेरे.* अंगठ्याने उरलेल्या चार बोटांची पेरे मोजली की एका हातावर बारा होतात. जप करणाऱ्या आजींना ही रीत सांगावी लागत नाही. केळ्यांचे डझन एका हातात मावते, याचे मुलांना मोठे नवल वाटते.

आजीची मराठी आणि नातीची इंग्रजी

माध्यम वेगळे म्हणून अनेक आजी-आजोबा अभ्यासापासून दूर राहतात. परंतु चिंचोक्याला माध्यम नसते. सात चिंचोके कोणत्याही भाषेत सातच.

मराठी संख्यानामे मुलांना कठीण जातात, हे मात्र खरे. ‘पंचवीस’ या शब्दात पाच आधी ऐकू येतात आणि वीस नंतर. लिहिताना मात्र दोन आधी. म्हणून मूल ५२ लिहिते. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘पंचवीस’बरोबर ‘वीस पाच’ अशी वाचनाची रीत आली, तेव्हा महाराष्ट्रभर वाद झाला. त्या विषयसमितीच्या अध्यक्षा, गणितज्ञ मंगला नारळीकर यांचे म्हणणे मुलांची अडचण कमी व्हावी एवढेच होते. घरात दोन्ही रीती वापराव्यात. दोन जुड्या आणि पाच काड्या हातात धरून “वीस आणि पाच, पंचवीस” म्हटले की भांडण मिटते.

आमच्या छोट्या रुग्णाला अडवणारा ‘एकोणतीस’ तर आणखी विलक्षण. त्यात ‘तीस’ ऐकू येते, पण संख्या तिशीच्या अलीकडची. ‘एकोण’ म्हणजे एकाने ऊन, एक कमी. तीन जुड्या मांडाव्यात, एकीतून एक काडी काढून बाजूला ठेवावी: तिसाला एक कमी, एकोणतीस. एकोणीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास ही सारी याच कुळातील. नव्व्याण्णव तेवढे कुळाची रीत पाळत नाही. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी पाठ केलेल्या पिढीला हे समजावणे जड जाऊ नये. आजींच्या चौथीत एवढे भांडवल नक्कीच होते.

आजी-आजोबांच्या प्रकृतीकरिता

हा खेळ केवळ मुलांसाठी नाही. उतारवयात एकटेपणा प्रकृतीस अपायकारक ठरतो आणि कोणीतरी आपली वाट पाहत आहे, ही जाणीव माणसाला सकाळी अंथरुणातून उठवते. पक्षाघातानंतर कमजोर झालेल्या हातासाठी चिमटीने बारीक वस्तू उचलून दुसऱ्या भांड्यात टाकण्याचा व्यायाम आम्ही सांगतोच; नातवंडासमवेत तो कंटाळवाणा होत नाही.

विस्मरणाचा आजार चिंचोके मोजल्याने बरा होत नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. ज्यांना तो जडला आहे, त्यांच्यासोबत मात्र हा खेळ आनंदाने खेळता येतो. अशा वेळी मोजण्याचे काम मुलाने करावे, आजोबांनी चिंचोके पुढे करावेत. “आजोबा, सांगा किती?” अशी परीक्षा कोणी घेऊ नये. सांभाळ करणाऱ्यांनी हे घरातील मुलांना आधीच समजावून ठेवावे.

बसण्याची जागा उजेडाची असावी. चष्मा जवळ ठेवावा. गुडघे दुखत असतील तर जमिनीवर न बसता टेबलावर परात ठेवून तीत खेळावे; चिंचोके घरंगळत नाहीत. आणि खेळ संपला की सारे चिंचोके मोजूनच डब्यात भरावेत. फरशीवर राहिलेल्या एका चिंचोक्यावरून घसरून खुब्याचे हाड मोडू शकते, आणि मधुमेहाने पायांची संवेदना कमी झालेल्यांना तो पायाखाली आलेला कळतही नाही.

एवढे जरूर सांभाळा

तीन वर्षांखालील मुलांच्या हाती चिंचोके, मणी, हरभरे, वाटाणे असे काहीही देऊ नये. थोरल्या भावंडाच्या खेळाजवळ धाकटे रांगत येते, तेव्हाच अपघात होतो. मुलाच्या घशात काही अडकले आणि ते जोराने खोकत असेल तर खोकू द्यावे. आवाज फुटत नसेल, श्वास घेता येत नसेल तर त्यास पुढे वाकवून दोन्ही खांद्यांच्या मध्ये तळहाताच्या टाचेने पाच जोरदार थापा माराव्यात. अडकलेले निघाले नाही आणि मूल एक वर्षाहून मोठे असेल तर मागून मिठी घालून बेंबीच्या किंचित वर पाच वेळा आत आणि वर दाबावे. वस्तू निघेपर्यंत दोन्ही क्रिया आळीपाळीने कराव्यात. दुसऱ्याने तोवर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. मूल बेशुद्ध झाले तर फोनवरील सूचनांप्रमाणे तत्काळ छातीदाब सुरू करावा.

मुले नाकात बी घालतात, हे दवाखान्यात वरचेवर दिसते. हरभरा-वाटाणा ओलाव्याने फुगतो. तेल-पाणी घालू नये, आकडा किंवा चिमटा आत घालू नये, डॉक्टरांकडे आणावे. एकाच नाकपुडीतून दुर्गंधीयुक्त स्राव येऊ लागला, तर आत काहीतरी अडकले असल्याचा संशय घ्यावा.

रंगीत गोळ्या मोजावयास सोप्या म्हणून स्वतःच्या औषधांच्या गोळ्या कधीही खेळावयास देऊ नयेत. रक्तदाब, मधुमेह, लोह यांच्या गोळ्या लहान मुलांना घातक ठरू शकतात. आकडे बोलणाऱ्या खेळण्यांतील बटणासारखी चपटी बॅटरी गिळली गेल्यास क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

शाळेच्या वेळचे प्रत्येक पोटदुखणे भीतीचेच असते, असे मानू नये. दुखण्याने मूल रात्री झोपेतून उठते, वजन घटते, वारंवार उलट्या होतात, ताप येतो, शौचावाटे रक्त पडते किंवा दुखणे बेंबीपासून दूर एका बाजूस असते, तेव्हा तपासणी आवश्यक आहे. आणि भीतीने दुखणारे पोटही खरोखरच दुखते. ‘नाटक करते’ असे म्हणून त्या मुलास एकटे पाडू नये.

मुलाला ‘गणितात कच्चे’ ठरविण्यापूर्वी त्याचे डोळे आणि कान तपासून घ्यावेत. फळ्यावरचे दिसत नसेल तर आकडे कसे कळावेत? दुसरी-तिसरीपर्यंत, सर्व प्रयत्न करूनही, लहान संख्यांची तुलना जमत नसेल, बोटांवाचून सोपी बेरीज होत नसेल, तर अध्ययन-अक्षमतेची तज्ज्ञांकडून चाचणी करावी. असे मूल मंद नसते. त्याला शिकण्याची वेगळी वाट लागते. राज्य मंडळाच्या परीक्षांत अशा मुलांना सवलतीही मिळतात.

घरात एक पथ्य मात्र सर्वांनी पाळावे. “मलाही गणित कधी जमले नाही” किंवा “हिचे डोकेच चालत नाही” हे मुलादेखत म्हणू नये. घाबरलेल्या मनाला आकडे धरून ठेवता येत नाहीत. उत्तर चुकले तर “परत मोजूया” एवढेच म्हणावे.

त्या आजी दिवाळीनंतर रक्तदाब मोजण्यासाठी आल्या. नातीची पोटदुखी पूर्ण थांबली नव्हती. चाचणीच्या दिवशी अजून ती तक्रार करी. पण रोजचे रडणे गेले होते. आजींनी बाईंची भेट घेऊन सर्वांदेखत उभे न करण्याची विनंती केली होती आणि ती मान्य झाली होती. झोपेचे विचारले तर म्हणाल्या, “दुपारी हिच्यासोबत बसते, त्यामुळे दुपारची झोप होत नाही. मग रात्री लागते.”

मग त्यांनी आदल्या दिवशीची हकिगत सांगितली. खेळ संपल्यावर चिंचोके डब्यात भरताना नातीने मोजले, तर पन्नासांतील एक कमी भरला. पलंगाखाली शोधले, सतरंजी झटकली. आजी म्हणाल्या, “जाऊ दे गं, एकच तर आहे.” नात डबा कडेवर घेऊन उभी राहिली. “नाही आजी. आता एकोणपन्नास आहेत. एक आहे कुठेतरी.”

तो आजींच्या पदराच्या घडीत सापडला.